किनाऱ्यालगतची मासळी आणि खाडीतील तिसऱ्या : राखण गावाच्या सहभागाने



शेताला बांध असतो. बांधाच्या आत काय पेरावे, केव्हा कापावे आणि पुढील हंगामाच्या बियाण्याकरिता किती राखून ठेवावे, हे शेतकरी स्वतः ठरवतो. राखलेले बियाणे त्याच्याच घरात राहते. खाडीला आणि समुद्राला असा बांध नाही. आज तुम्ही टोपलीतील बारीक तिसऱ्या परत पाण्यात टाकल्या, तर त्या उद्या पलीकडच्या वाडीतील कोणी वेचणार नाही, याची हमी तुम्हाला कोण देणार? ही हमी मिळत नाही म्हणून जो तो बारीकसारीक सर्व उचलतो. अशा माणसाला हावरा म्हणणे सोपे आहे, परंतु ते खरे नाही. एकट्याने राखण करणे त्याला परवडत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीसमकक्ष दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांबाबत त्याचा लाभ मच्छीमारांनी जरूर घ्यावा. मात्र शेती आणि मासेमारी यांतील वर सांगितलेला फरक केवळ दर्जाने मिटत नाही. तो मिटवायचा तर एका किनाऱ्यावर, एका खाडीत मासेमारी करणाऱ्या सर्वांनी मिळून बांध घालावा लागतो, आणि हा बांध मातीचा नसून नियमांचा असतो. नियम कोणी करावेत, कसे करावेत व ते पाळले जातील अशी व्यवस्था कशी लावावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. खोल समुद्रातील मोठ्या नौकांचा प्रश्न वेगळा आहे. येथे आपण लहान होडी, रापण, पाग यांनी किनाऱ्यालगत होणारी मासेमारी आणि ओहोटीला खाडीत हाताने होणारी तिसऱ्या, मुळे, कालवे यांची वेचणी, एवढ्यापुरतेच बोलणार आहोत.

कायदा आहे, मग अडते कोठे?

आपल्या राज्यात महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ लागू आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे क्षेत्र राज्याच्या अखत्यारीत येते. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. ठरावीक वावांच्या आत ट्रॉलरने जाळे ओढू नये असा नियम आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या सागरी क्षेत्रातील पर्ससीन मासेमारीवर काळ, क्षेत्र व परवान्यांची संख्या यांचे निर्बंध आले. एल.ई.डी. दिव्यांच्या प्रकाशात मासे गोळा करून पकडण्यास केंद्र शासनाने २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमा लाखांत गेल्या व कारवाईचे निर्णय तहसीलदारांऐवजी मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले. २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीचे किमान आकारमान ठरवून देण्यात आले. त्यानुसार पापलेट १३५ मि.मी.पेक्षा लहान असल्यास पकडू नये. त्याच वर्षी पापलेटास राज्य माशाचा मानही मिळाला.

कागदावर पाहता यात फारसे काही उणे नाही. अडचण आहे ती अंमलाची. बरीच वर्षे ७२० कि.मी. म्हणून सांगितला जाणारा आपला किनारा नव्या मोजणीत त्याहून पुष्कळ जास्त भरला आहे. त्यावर शेकडो लहान-मोठी उतरण्याची ठिकाणे आहेत. प्रत्येक ठिकाणी पहाटे टोपली तपासायला अधिकारी उभा राहू शकत नाही. गस्तीची नौका बंदरातून निघाली की तिची बातमी तिच्या आधी समुद्रात पोहोचते, हे तुम्हाला सांगावयास नको.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्यांना नियम पाळावयाचा आहे, त्यांना विश्वासात न घेता केलेला नियम किनाऱ्यावर रुजत नाही. मालवणचे उदाहरण घ्या. १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील सुमारे २९ चौ.कि.मी. क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. तेथील प्रवाळ, समुद्रशैवाल व मासळीची विविधता पाहता ते रक्षण करण्याजोगे आहे, यात शंका नाही. परंतु आपली मासेमारीच बंद होणार, या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध केला आणि तो वर्षानुवर्षे चालू राहिला. अभयारण्य बरेचसे कागदावरच राहिले. मासळी टिकावी असे मालवणच्या मच्छीमारांना वाटत नव्हते, असे कोणी म्हणू शकणार नाही. मासळी टिकावी म्हणून पर्ससीन व परप्रांतीय ट्रॉलर यांच्याशी सर्वांत जोराने झगडणारे मच्छीमार याच किनाऱ्यावरचे आहेत. नियमाला त्यांची ना नव्हती. तो करताना त्यांना कोणी विचारले नाही, हे त्यांचे दुखणे होते.

जुनी वहिवाट

गावाने समुद्राचे नियम करावेत, ही काही परदेशातून आलेली कल्पना नव्हे. सिंधुदुर्गातील रापण पाहा. होडीने जाळ्याचा मोठा वेढा टाकून दोन्ही टोके किनाऱ्यावर आणतात आणि दोन्ही बाजूंनी माणसे दोर ओढतात. जाळे अनेकांचे मिळून असते. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा असे ठरलेले असते आणि हात लावावयास आलेला माणूस सहसा रिकाम्या हाताने परत जात नाही. एकाच पुळणीवर दोन रापणी असतील तर कोणी आधी टाकावयाची, याची पाळी ठरलेली असते. उत्तरेकडे डोल जाळ्यांचे खुंट कोणी कोठे ठोकावयाचे, हे कोळीवाड्यातील लोक आपसांत ठरवीत आले. दुसऱ्याच्या खुंटाच्या पुढे खुंट ठोकणे हा मोठा गुन्हा समजला जाई आणि त्याचा निवाडा गावचे पाटील व जाणते लोक करीत.

मात्र जुने ते सर्व चांगले, असे समजण्याचे कारण नाही. या वहिवाटी मुख्यतः भांडणे टाळण्यासाठी होत्या. मासळी राखण्याचा विचार त्यांत थोडा होता, कारण तेव्हा त्याची तेवढी गरजच नव्हती. डोल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीची, म्हणजे खोल्याची, आस बारीक असते आणि तीत पापलेटची बोटभर पिल्ले मोठ्या प्रमाणावर सापडतात. रापणीतही बारीक मासळी येते. पर्ससीनविरुद्ध तक्रार करणाऱ्या पारंपरिक मच्छीमाराने स्वतःच्या जाळ्याची आसही एकदा मोजून पाहावी, असे आम्हास वाटते. त्याने त्याची तक्रार कमी होत नाही, उलट तिला वजन येते.

अष्टमुडीचा अनुभव

गावाच्या सहभागाने काय साधते, हे पाहावयाचे तर केरळातील कोल्लम जिल्ह्यातील अष्टमुडी सरोवराचे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे आहे. जवळचे अशासाठी की तेथे जी शिंपली मिळते ती आपल्या रत्नागिरीच्या खाड्यांतील तिसऱ्यांच्याच कुळातील आहे.

अष्टमुडी हे समुद्राला मिळणारे खाऱ्या पाण्याचे मोठे सरोवर आहे. समुद्राच्या मुखाजवळच्या वाळूत शिंपल्या मुबलक. लहान होडीतून लांब काठीला लावलेल्या दाताळ्याच्या जाळीने तळ खरवडून, किंवा पाण्यात उतरून हातापायाने चाचपून त्या काढतात. १९८० नंतर शिंपल्यांचे गोठविलेले मांस परदेशी जाऊ लागले आणि भाव वाढला. भाव वाढताच वेचणारे वाढले. १९९१ मध्ये उत्पादन सुमारे १०,००० टनांपर्यंत गेले आणि अवघ्या दोन वर्षांत ते निम्म्यावर आले. बारीक शिंपल्या बाजारात येऊ लागल्या. अनेक कुटुंबांची चूल या शिंपल्यांवर पेटत होती.

अशा वेळी जिल्हाधिकारी, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ आणि शिंपल्या काढणारे लोक यांच्या विचारविनिमयातून १९९३ मध्ये मोजकेच निर्बंध ठरले. डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननाच्या काळात शिंपल्या काढावयाच्या नाहीत. जाळीची आस ३० मि.मी.पेक्षा लहान नको. आणि तिसरा निर्बंध असा की, ज्या मांसाचे एका किलोत १,४०० पेक्षा जास्त नग भरतात, ते निर्यात करू नये.

या तिसऱ्या निर्बंधाकडे विशेष लक्ष द्यावे. शिंपली जितकी बारीक, तितके किलोत नग जास्त. पाण्यात जाऊन प्रत्येकाची टोपली तपासणे अवघड असते, पण खरेदीच्या जागी एक किलो मांसातील नग मोजणे कोणासही जमते. व्यापाऱ्याने बारीक माल घेण्याचे नाकारले की तो काढण्यात कोणाला गोडी राहत नाही. पहाऱ्याचे अर्धे काम तराजूने केले.

पुढे या मत्स्यव्यवसायाच्या देखरेखीसाठी शिंपल्या काढणारे, व्यापारी, शास्त्रज्ञ व शासन यांचे प्रतिनिधी असलेली परिषद स्थापन झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये अष्टमुडीच्या शिंपल्यांस मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या आंतरराष्ट्रीय संस्थेचे शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र मिळाले. भारतातील मत्स्यव्यवसायास मिळालेले हे पहिलेच प्रमाणपत्र होते.

येथेच थांबलो तर चित्र अर्धवट राहील. त्यानंतरच्या काळात अष्टमुडीत शिंपल्या पुन्हा कमी झाल्या आणि सागरी मत्स्य संशोधन संस्थेला उबवणी केंद्रात तयार केलेले शिंपल्यांचे बीज सरोवरात सोडावे लागले. वेचणीचे नियम पाळले म्हणजे पाण्याची क्षारता, गाळ, सांडपाणी आपोआप सुधारत नाही. गावाचा नियम वेचणाऱ्यांच्या हातावर चालतो; नदीतून येणाऱ्या पाण्यावर तो चालत नाही. म्हणून आपल्या खाडीत नियम करताना वाळूचा उपसा व सांडपाणी यांकडेही डोळा ठेवावा लागेल.

आपल्या खाडीत सुरुवात कोठून करावी?

आमची सूचना अशी की, ज्या गावांना गावपातळीवर मासळीची राखण करावयाची आहे, त्यांनी आरंभ समुद्रापासून न करता खाडीतील तिसऱ्यांपासून करावा. बांगडा, तारली हे मासे आज तुमच्या किनाऱ्यावर तर चार दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात. तुम्ही राखलेले दुसऱ्याच्या जाळ्यात जाण्याचा संभव असतो. तिसरी मात्र एकदा वाळूत बसली की जवळपास त्याच जागी वाढते. ती राखणाऱ्यालाच मिळते. वेचणारी माणसे ओळखीची असतात, जागा डोळ्यांसमोर असते आणि परिणाम थोडक्या काळात दिसतो. एकदा गावाला हे जमले की पुढे जाळ्याच्या आसेचा, बोटभर पापलेटचा प्रश्न हाती घेणे सोपे जाते.

पहिली अडचण येते ती बैठकीची. गावात मच्छीमार सहकारी संस्था असते, पण तिचे सभासद बहुधा होडीवाले पुरुष असतात. खाडीत ओणवे होऊन तिसऱ्या वेचणाऱ्या बहुतेक स्त्रिया असतात आणि त्यांतील कित्येकींचे नाव संस्थेच्या नोंदवहीत नसते. संस्थेच्या सभेत पुरुषांनी ठराव करून स्त्रियांच्या वेचणीवर बंदी घालावी, हा मालवणचाच प्रकार लहान प्रमाणात झाला. त्यामुळे तिसऱ्यांचा नियम करावयाची बैठक वेचणाऱ्या स्त्रियांचीच असावी, इतरांनी तीत बसावे. बैठक शक्यतो अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी मोठी लागते, पट्टे उघडे पडतात आणि त्या दिवसांची मजुरी बुडवून कोणी सभेला येणार नाही. पलीकडच्या काठावरील गावच्या स्त्रिया त्याच पट्ट्यांवर येत असतील तर त्यांनाही बोलवावे. त्यांना वगळून केलेला नियम आठवडाभरही टिकणार नाही.

पहिल्या बैठकीत कोणतीही बंदी घालू नये. प्रथम खाडीचा कच्चा नकाशा जमिनीवर किंवा मोठ्या कागदावर काढावा. तिसऱ्यांचे पट्टे कोठे आहेत, पूर्वी कोठे होते, कोठे गाळ साचला, कोठे वाळू उपसली गेली, हे त्या स्त्रियांकडून त्यावर मांडून घ्यावे. शास्त्रज्ञास चार महिने पाहणी करून जे कळेल, त्यातील पुष्कळसे या नकाशात एका दुपारी उतरते. त्यानंतर एक हंगाम नुसती नोंद ठेवावी. चार-पाच जणींनी प्रत्येक उधाणाला किती वेळ वेचले, किती टोपल्या मिळाल्या आणि टोपलीत बारीक किती, एवढेच लिहावे. शाळेत जाणारी मुलगी हे काम आनंदाने करते. पूर्वी दोन तासांत भरणारी टोपली आता चार तासांत भरते, असे वहीत दिसले की बैठकीत वाद घालण्याचे कारण उरत नाही.

माप, चाळण आणि बंद काळ

केरळात डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बंद ठेवतात, म्हणून आपणही तसेच करावे, ही चूक होईल. शिंपल्यांचा प्रजननकाळ पाण्याची क्षारता व तापमान यांवर अवलंबून असतो आणि तो खाडीगणिक बदलतो. तो ओळखण्याची साधी रीत अशी. दर पंधरवड्यास वेगवेगळ्या आकाराच्या वीस-पंचवीस तिसऱ्या उघडून पाहाव्यात. पोटाचा भाग फुगीर, दुधाळ किंवा पिवळसर भरलेला दिसला तर ती प्रजननास तयार आहे. तो भाग पातळ व पाणचट दिसू लागला की बहुधा अंडी व शुक्रपेशी सोडून झाल्या. ज्या पंधरवड्यांत भरलेल्या तिसऱ्या सर्वाधिक दिसतात, तेथून पुढचा काळ बंदीसाठी विचारात घ्यावा. उघडलेल्या तिसऱ्यांची लांबीही लिहून ठेवावी. कोणत्या लांबीपासून बहुतेक तिसऱ्या भरलेल्या सापडतात, हे त्यावरून कळेल. किमान माप त्याहून थोडे मोठे ठेवावे, म्हणजे प्रत्येक तिसरी निदान एकदा तरी प्रजनन करून मगच टोपलीत येईल. शिरगाव, रत्नागिरी येथील मत्स्य महाविद्यालयात नमुने दाखवून आपला अंदाज पडताळून घ्यावा.

थांबल्याने तोटा होतो, असे अनेकींना वाटते. येथे थोडा हिशेब करावा. शिंपली लांबीबरोबर रुंदीने व जाडीनेही वाढते. त्यामुळे लांबी दीडपट झाली की वजन तिपटीहून अधिक होते आणि लांबी दुप्पट झाली की वजन सुमारे आठपट. वाढेपर्यंत काही तिसऱ्या मरतील, काही पक्षी-खेकडे खातील, हे धरले तरी बारीक उचलण्यापेक्षा थांबणे सहसा फायद्याचे पडते. शिवाय मोठ्या तिसरीचा भाव वेगळा. बाजारात वाट्याच्या तळाशी बारीक तिसऱ्या घालून वर मोठ्या मांडण्याची रीत आहे, पण गिऱ्हाईकही आता हुशार झाले आहे.

माप नुसते ठरवून भागत नाही. ओहोटीच्या घाईत पट्टी लावून तिसऱ्या मोजीत कोण बसणार? त्याकरिता चाळण करून घ्यावी. ठरलेल्या मापापेक्षा लहान तिसरी खाली पडेल अशा अंतराने लाकडी चौकटीत गज किंवा जाळी बसवावी. सर्वांच्या चाळणी एकाच मापाच्या असाव्यात. गावातील एकाच सुताराकडून त्या करून घेतल्या तर उत्तम. चाळणी पट्ट्यावरच मारावी. घरी आणून मग बारीक तिसऱ्या परत नेऊन टाकू, असे ठरविल्यास त्या उन्हाने मरतात किंवा कालवणात जातात. चाळणीखाली पडलेल्या तिसऱ्या त्याच वाळूत पसरून टाकाव्यात, ढीग करू नये. त्या लवकरच वाळूत शिरून बसतात.

सगळी खाडी एकदम बंद ठेवणे हातावर पोट असणाऱ्यांना शक्य नसते. त्यापेक्षा एक चांगला पट्टा बियाण्याचा म्हणून कायमचा राखून ठेवावा आणि बाकीच्या पट्ट्यांवर मापाचा नियम लावावा. पूर्ण बंद काळ ठेवावयाचाच असेल तर त्या महिन्यांत चुलीचे काय, याचे उत्तर आधी शोधावे. ज्या गावांत कांदळवन कक्षाच्या योजनेखाली सहव्यवस्थापन समिती आहे, तेथे कालवे व शिणाण्यांचे संवर्धन, खेकडापालन, निसर्ग पर्यटन असे उद्योग बचत गटांना घेता येतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्त्रियांच्या बचत गटाने चालविलेली कांदळवन सफर सर्वपरिचित आहे. सर्वच गावांत पर्यटक येतील असे नाही, हेही लक्षात घ्यावे.

नियम मोडणाऱ्याचे काय?

नियम मोडला जाणारच. तो मोडणारा बहुधा घरचाच असतो आणि त्याला तशीच काही अडचण असते. सामायिक संपत्तीच्या व्यवस्थेवरील अभ्यासासाठी २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगातील कुरणे, पाटाचे पाणी, मासेमारी यांच्या गावव्यवस्था तपासल्या. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत शिक्षा पायरीपायरीने वाढत जाते, असे त्यांना दिसून आले. पहिल्या वेळी समज, दुसऱ्या वेळी माल परत पाण्यात, त्यानंतर थोडा दंड, असा क्रम ठेवावा. पाळत ठेवण्याचे काम पाळीपाळीने सर्वांकडे द्यावे, कोणा एकावर वैर ओढवून घेण्याची वेळ आणू नये.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. काही किनारी गावांत पूर्वी नियम मोडणाऱ्यास वाळीत टाकीत असत. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार हा २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तिसऱ्या राखण्यासाठी माणूस तोडणे योग्यही नाही. त्यापेक्षा अष्टमुडीप्रमाणे खरेदीदारास बरोबर घ्यावे. गावातून तिसऱ्या उचलणारे व्यापारी व जवळची हॉटेले मोजकीच असतात. त्यांना बैठकीस बोलावून एका किलोत किती नगांपर्यंत माल घ्यावयाचा, हे ठरवून घ्यावे व तो आकडा खरेदीच्या जागी फळ्यावर लिहावा.

बाहेरच्या नौका आणि शासनाचे साहाय्य

खाडीतील नियम गाव स्वतः चालवू शकते. समुद्रात बंदी असलेल्या क्षेत्रात शिरणारा ट्रॉलर किंवा दिवे लावून मासे गोळा करणारी नौका अडवणे गावाचे काम नाही. तसा प्रयत्न केल्याने मारामाऱ्या होतात, नौका जळतात आणि गुन्हे गरीब मच्छीमारांवरच दाखल होतात. अशा वेळी नौकेचा नोंदणी क्रमांक, दिवस, वेळ, किनाऱ्यापासूनचे ठिकाण आणि शक्य तर मोबाईलवर काढलेले छायाचित्र यांसह लेखी तक्रार मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे द्यावी व पोच घ्यावी. एकट्याच्या तक्रारीपेक्षा ग्रामसभेच्या ठरावासह आलेली तक्रार मागे टाकणे अवघड जाते. तिसऱ्यांचे पट्टे दाखविणारा गावचा नकाशाही ग्रामसभेत मंजूर करून ठेवावा. वाळूच्या लिलावाचा विषय निघेल तेव्हा हरकतीसोबत तो तहसील कार्यालयात सादर करता येईल.

नियम पाळणाऱ्याचे नुकसान शासनाने भरून द्यावे, याचेही एक चांगले उदाहरण आपल्या राज्यात आहे. डिसेंबर २०१८ पासून समुद्री कासव, व्हेल शार्क यांसारखा संरक्षित प्राणी जाळ्यात अडकल्यास जाळे कापून त्यास जिवंत सोडणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी प्राणी सोडतानाचे छायाचित्र किंवा चित्रफीत आणि अर्ज लागतो. धाक घालून कासव सुटले नसते. जाळ्याची किंमत मिळेल हे कळल्यावर मच्छीमारांनी ते स्वतः सोडले आणि त्याची चित्रफीतही आणून दिली. ट्रॉलच्या खोल्यास ४० मि.मी. चौकोनी आस लावण्याबाबतही सिंधुदुर्गात असाच अनुभव आला. चौकोनी आस ओढताना मिटत नाही, त्यामुळे लहान मासे निसटून जातात. तेथील संवर्धन प्रकल्पात अशा आसेचे खोले मच्छीमारांना प्रत्यक्ष देऊन वापरून पाहावयास सांगितले गेले, मग त्यावर बोलणे सुरू झाले.

ज्या गावांना यंदाच्या हंगामात नोंदीचे काम सुरू करावयाचे आहे, त्यांनी नारळी पौर्णिमेनंतर खाडीचे पाणी निवळताच पहिली बैठक घ्यावी. पावसाळ्याच्या गोड्या पाण्यातून वाचलेल्या तिसऱ्या कोणत्या पट्ट्यांवर आहेत, हे त्या वेळी चांगले कळते. बैठकीस जाताना दोन कोऱ्या वह्या, एक मोजपट्टी, एक तराजू आणि प्रत्येक पट्ट्यावरील थोड्या थोड्या तिसऱ्या वेगळ्या पिशव्यांतून न्याव्यात. कोणत्या पट्ट्यावरील तिसऱ्यांचे किलोत किती नग भरतात, ते सर्वांसमोर मोजून पहिल्या पानावर लिहावे.